पार्श्वभूमी: नुनावुतच्या शाळा, एक आमदार आणि ‘जिल्हा’ नावाचं गाव

नुनावुत ही कॅनडाच्या उत्तरेची टेरिटरी, म्हणजे प्रांताखालोखालचा प्रदेश; तिथे इनुइट या मूळनिवासींची बहुसंख्या आहे. तिच्या शिक्षण कायद्याबद्दल वाचायला घेतलं की एक शब्द पावलोपावली आडवा येतो: ‘डिस्ट्रिक्ट एज्युकेशन ऑथॉरिटी’. शब्दाला शब्द ठेवला तर जिल्हा शिक्षण प्राधिकरण. जिल्हा म्हटलं की आपल्यासमोर तालुके, शेकडो शाळा आणि एक मोठी कचेरी उभी राहते. तिथला जिल्हा म्हणजे एकच वस्ती. बहुतेक ठिकाणी काहीशे ते दोन-तीन हजार माणसं, एखाददुसरी शाळा, आणि शेजारच्या वस्तीला जोडणारा रस्ता नाही. हे लक्षात आलं नाही, तर ‘जिल्ह्याकडून अधिकार काढून घेतले’ या बातमीचा अर्थ उलटा लागतो. मोठ्या कचेरीची सत्ता कमी होऊन गावाला मोकळीक मिळाली असं वाटतं. प्रत्यक्षात काढून घेतलेलं असतं ते गावाकडूनच.

‘जिल्हा’ हा शब्द आला कॅनडाच्या गवताळ प्रांतांतून. तिथे शेतकरी वसाहतींनी एकेका शाळेपुरते छोटे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ काढले होते, आणि तीच रचना उत्तरेत गेली. पुढे टेरिटरीची राजधानी झालेल्या यलोनाइफमध्ये सोन्याच्या खाणींमुळे गोरी वस्ती वाढली, आणि १९३९ सालीच त्या शहराला स्वतःचं शाळा मंडळ मिळालं. १९५१ मध्ये कॅथलिकांचं वेगळं मंडळ आलं. म्हणजे निवडून आलेल्या पालकांनी शाळा चालवायची, शिक्षक नेमायचे, कर लावायचा, ही कल्पना उत्तरेला नवी नव्हती. इनुइट आणि डेने या मूळनिवासींच्या वस्त्यांपर्यंत मात्र ती पोचली नव्हती. त्यांच्या शाळा आधी मिशनांच्या, मग ओटावाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, होत्या. १९६९-७० च्या सुमारास त्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या सरकारकडे आल्या; नुनावुत तेव्हा याच टेरिटरीचा भाग होतं.

१९७० च्या दशकातल्या शिक्षण अध्यादेशाने वस्त्यांसाठी एक शिडी मांडली. खालच्या पायरीवर शिक्षण समिती, तिचं काम सल्ला देण्याचं. त्यावर शिक्षण सोसायटी, तिच्याकडे थोडा पैसा आणि थोडी जबाबदारी. सर्वात वर मंडळ. बहुतेक वस्त्या पहिल्या पायरीवरच राहिल्या. पुढे समित्यांच्या परिषदा झाल्या, आणि १९९० च्या दशकातल्या कायद्याने परिषदांना ‘जिल्हा प्राधिकरण’ हे नाव दिलं. पाटी बदलत गेली. आत बसणारी माणसं बहुधा तीच राहिली: एखादी आजी, एखादा शिकारी, सहकारी दुकानात काम करणारी एखादी आई. या नोंदीतलं भांडण त्यांच्या हातात नेमकं काय असावं यावर आहे.

ज्या आमदाराच्या, टगाक कर्ली यांच्या, कारकिर्दीमुळे हा इतिहास पुन्हा चर्चेत येतो, त्यांचा जन्म १९४४ चा, हडसनच्या उपसागरातल्या कोरल हार्बरच्या परिसरातला. १९७१ मध्ये देशभरातल्या इनुइटांची पहिली संघटना उभी राहिली, तिचे ते पहिले अध्यक्ष. त्यानंतर एस्किमो पॉइंटच्या, म्हणजे आजच्या आर्वियातच्या, सांस्कृतिक संस्थेत त्यांनी काम केलं. याच संस्थेमार्फत १९७६ मध्ये इनुक्टिटुट या इनुइट भाषेसाठी चिन्हलिपी आणि रोमन अशा दोन्ही लेखनपद्धती प्रमाण ठरल्या. बाहेरच्या माणसाला हा कारकुनी तपशील वाटेल. पण प्रत्येक मिशनची लेखनपद्धत वेगळी असेल, तर दहा वस्त्यांसाठी एक पाठ्यपुस्तक छापता येत नाही.

१९७९ च्या निवडणुकीत ते कीवाटिन साउथ मतदारसंघातून यलोनाइफच्या सभागृहात, म्हणजे टेरिटरीच्या विधानसभेत, गेले. या सभागृहात पक्ष नसतात. त्या वर्षी निवडून आलेल्यांत मूळनिवासी सदस्यांचं बहुमत होतं. अनेक सदस्यांनी मतदारसंघातून सर्वात आधी आणलेली तक्रार शाळांची होती. मुलं शाळेत जातात, पण टिकत नाहीत. जी टिकतात, ती घरी परतल्यावर आजोबांशी बोलू शकत नाहीत. शिक्षक दक्षिणेतून दोन-तीन वर्षांसाठी येतात आणि निघून जातात. १९८० मध्ये सभागृहाने विशेष शिक्षण समिती नेमली. तिचे सह-अध्यक्ष दोन होते: एक हे, आणि दुसरे पाइन पॉइंट या शिसं-जस्ताच्या खाणगावाचे आमदार. या जोडीचं मला फार महत्त्व वाटतं. ज्याच्या मतदारसंघात मंडळाची सवय असलेली गोरी वस्ती होती आणि ज्याच्या मतदारसंघात कुणी पालकांना काही विचारलंच नव्हतं, ते दोघे एकाच टेबलाशी बसले.

समितीने ३४ वस्त्यांमध्ये जाऊन सुनावण्या घेतल्या. लोक काय बोलले असतील, हे समजायला थोडं मागचं माहीत हवं. कीवाटिनमधली अनेक मुलं चेस्टरफील्ड इनलेटच्या वसतिगृहात पाठवली जात. ते १९६९ पर्यंत चाललं. तिथल्या मुलांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. मोठ्या मुलांना चर्चिलच्या व्यवसाय केंद्रात नेत, ते १९७३ मध्ये बंद झालं. बॅफिनच्या मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी फ्रॉबिशर बेला, म्हणजे आजच्या इकालुइतला, जावं लागे. मूल विमानात बसवून दिलं की पुढचे अनेक महिने आईबापांना त्याचं तोंड दिसत नसे. १९८० साली सुनावणीला आलेल्या पालकांपैकी बरेच जण स्वतः त्या विमानात बसलेले होते. ‘शाळेवर आमचा ताबा हवा’ ही मागणी त्यांच्यासाठी प्रशासनापुरती नव्हती.

१९८२ चा अहवाल ४९ शिफारशींचा. दोन शिफारशी पुढे सर्वाधिक गाजल्या. टेरिटरीत दहा विभागीय शिक्षण मंडळं असावीत, वस्त्यांनी निवडलेल्या लोकांची, आणि शिक्षणाची भाषा त्यांनी ठरवावी. दुसरी, पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक अध्यापन केंद्र असावं. शिक्षक इथेच घडवायचे, पुस्तकं इथेच तयार करायची. फ्रॉबिशर बेमध्ये पूर्व आर्क्टिकचा शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम १९७९ मध्येच सुरू झाला होता, त्यामुळे ही दुसरी शिफारस हवेतली नव्हती. १९८२ च्याच एप्रिलमध्ये टेरिटरीच्या विभाजनावर सार्वमत झालं आणि सुमारे ५६ टक्के मतं बाजूने पडली. शाळेचा प्रश्न आणि नुनावुतचा प्रश्न तेव्हापासून एकमेकांत गुंतलेले आहेत.

पहिलं विभागीय मंडळ १९८५ मध्ये बॅफिनला झालं. पुढच्या काही वर्षांत कीवाटिन आणि किटिकमियोतला झाली. हे तिन्ही भाग पुढे नुनावुतमध्ये गेले. बॅफिनच्या मंडळावर प्रत्येक वस्तीच्या परिषदेचा माणूस असे. याच मंडळाने १९८९ मध्ये आपला स्वतःचा अभ्यासक्रम आणला. जमीन, समुद्र, नातीगोती आणि ऋतू यांच्याभोवती तो रचलेला होता आणि इनुक्टिटुट व इंग्रजी दोन्ही भाषांत शिकवायचा होता. याच काळात वरचे वर्ग हळूहळू वस्त्यांमध्ये आले आणि दहावी ते बारावीसाठी घर सोडण्याची सक्ती संपली. माझ्या मते उत्तरेतल्या शिक्षणाच्या इतिहासातला हा सर्वात मोठा बदल. हे आमदार तोवर मंत्रिपद भूषवून १९८७ मध्ये सभागृहाबाहेर पडले होते.

आणि मग २००० साल. नुनावुत १ एप्रिल १९९९ ला जन्माला आलं, आणि वर्षभरातच तिन्ही विभागीय मंडळं बरखास्त झाली. आरोग्याची विभागीय मंडळंही त्यांच्याबरोबर गेली. हा निर्णय नव्या टेरिटरीच्या तयारीच्या काळातच पक्का झाला होता. बाजू मांडणारे म्हणत की लोकसंख्येत सुमारे ८५ टक्के इनुइट आहेत. सरकारच आता आपलं आहे, मग मध्ये आणखी एक थर कशाला? तीन मंडळांचे तीन खर्च, तीन प्रशासनं. त्यापेक्षा खातं आणि वस्ती यांचा थेट संबंध असू दे. मंडळांच्या जागी शिक्षण खात्याच्या तीन प्रादेशिक कचेऱ्या आल्या: पाँड इनलेट, बेकर लेक आणि कुग्लुकटुक. सरकारी नोकऱ्या एकट्या इकालुइत या राजधानीत न ठेवता लहान वस्त्यांमध्ये वाटायच्या, हे धोरणही त्यामागे होतं. त्या धोरणाने वस्त्यांना पगार मिळाले, हे नाकारता येणार नाही.

पण थेट संबंध म्हणजे काय, हे लवकरच दिसलं. शिक्षक खात्याचे, प्रादेशिक संचालक खात्याचे, अभ्यासक्रमही खात्याचा. वस्तीच्या प्राधिकरणाकडे उरलं शाळेचं वेळापत्रक, शिस्तीचे नियम, स्थानिक उपक्रम, वडीलधाऱ्यांना वर्गात आणणं. पंचवीस वस्त्यांमधली ही निवडून आलेली मंडळी एकमेकांशी बोलायची ती विभागीय मंडळाच्या टेबलाशी. तेच टेबल गेलं. पुढे प्राधिकरणांनी स्वतःची संयुक्त आघाडी उभारली, ती ही पोकळी भरून काढायलाच. पश्चिमेला, उरलेल्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, विभागीय परिषदा कायम राहिल्या. १९८२ च्या शिफारशीचा वारसा असा अर्ध्याच प्रदेशात टिकला. सरकार आपल्या माणसांचं आहे म्हणून शाळा आपोआप वस्तीची होत नाही, असं माझं मत आहे. पुढच्या वीस वर्षांतल्या घटनांनी ते बदललेलं नाही.

२००४ मध्ये तेच आमदार रँकिन इनलेट नॉर्थमधून नुनावुतच्या विधानसभेत निवडून आले. पुढे काही काळ आरोग्य खातंही त्यांच्याकडे होतं. त्यांच्या पहिल्या कार्यकाळातच, २००८ मध्ये, नुनावुतचा स्वतःचा शिक्षण कायदा आणि इनुइट भाषा संरक्षण कायदा मंजूर झाले. २०१९-२० पर्यंत बारावीपर्यंतच्या सर्व इयत्तांत द्विभाषिक शिक्षण देण्याचं वचन कायद्यात आलं. द्विभाषिक शिक्षणाच्या ठरलेल्या नमुन्यांपैकी कोणता घ्यायचा, हे वस्तीचं प्राधिकरण ठरवणार होतं. १९८२ मधली मागणी निदान भाषेपुरती कायद्याच्या कागदावर उतरली.

ते वचन पाळायला शिक्षकच नव्हते. २००६ मध्येच एका अहवालाने बजावलं होतं की चारपैकी तीन इनुइट मुलं बारावी पूर्ण करत नाहीत. २०१३ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की खातं कायद्यातल्या तरतुदींच्या मागे पडलं आहे. २०१७ मध्ये कायदा बदलण्यासाठी विधेयक आलं. प्राधिकरणांनी आणि नुनावुतच्या इनुइटांच्या वतीने जमीन करार सांभाळणाऱ्या संघटनेने कडाडून विरोध केला, आणि विधेयक बारगळलं. २०२० मध्ये दुसरं विधेयक मंजूर झालं. त्यात भाषेचा नमुना निवडण्याचा वस्तीचा अधिकार आकसला. इनुक्टुट (नुनावुतमधल्या इनुइट भाषारूपांचं एकत्रित नाव) हा भाषाविषय टप्प्याटप्प्याने आणत बारावीपर्यंत पोचवायची मुदत २०३९ ठरली.

इथेही शब्दाचा गुंता आहे. इनुक्टुट ‘शिकवणं’ आणि इनुक्टुट‘मध्ये शिकवणं’ यांत एका प्रत्ययाचा फरक, पण गणित, विज्ञान, इतिहास कोणत्या भाषेत कानावर पडणार हे त्याच प्रत्ययावर ठरतं. २००८ च्या कायद्यात वचन होतं ते भाषेमध्ये शिकवण्याचं. २०२० च्या दुरुस्तीने हमी दिली ती भाषा हा विषय शिकवण्याची. बारावीची परीक्षा तेव्हाही अल्बर्टा प्रांताची होती, इंग्रजीतली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच इनुइट संघटनेने टेरिटरीच्या सरकारविरुद्ध नुनावुतच्या न्यायालयात दावा दाखल केला. इंग्रजी आणि फ्रेंच मुलांना आपल्या भाषेत पूर्ण शिक्षण मिळतं, बहुसंख्य इनुइट मुलांना मिळत नाही, आणि हा भेदभाव आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्याच्या चाळीस वर्षं आधी हीच तक्रार ३४ वस्त्यांमधल्या सुनावण्यांत मांडली गेली होती.