ठोशांचा हिशेब कोणी ठेवायचा?

नागपुरातील एका बॉक्सिंग हॉलमध्ये सायंकाळचा सराव संपला की तिथले प्रशिक्षक खेळाडूंना ओळीने उभे करतात आणि प्रत्येकाच्या अंगठ्याच्या व तर्जनीच्या मधल्या फटीतून शाळेतली साधी फूटपट्टी सोडतात. ती ज्या आकड्यावर चिमटीत सापडेल तो आकडा तारखेसह एका जाड वहीत लिहिला जातो. मला त्यांनी ती वही पाहू दिली. तिशी ओलांडलेल्या एका खेळाडूच्या पानावर तीन वर्षांपूर्वीचे आकडे १५ आणि १६ सेंटिमीटरच्या आसपास होते. त्या संध्याकाळी त्याने पट्टी २१ वर पकडली. ‘काही नाही सर, रात्री झोप झाली नाही,’ असे म्हणत तो हाताचे बँडेज सोडू लागला. एका दिवसाच्या आकड्याला तसे कारण असूही शकते. पण मागच्या दहा-बारा नोंदी त्याच दिशेने सरकत आलेल्या असतील, तर त्यांचे कारण एका रात्रीच्या झोपेत शोधून चालणार नाही.

पट्टीला घड्याळाचे काम करता येते, कारण मोकळी सोडलेली वस्तू पहिले २० सेंटिमीटर साधारण ०.२ सेकंदात कापते. १५ वरून २१ वर जाणे म्हणजे प्रतिसादाला सुमारे ०.०३ सेकंदाचा उशीर होणे. एवढा उशीर रोजच्या जगण्यात कोणाच्या लक्षातही येत नाही. रिंगमध्ये त्याचा अर्थ वेगळा होतो. १९८५ साली इंग्लंडमध्ये फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरच्या ठोशाचे मोजमाप झाले होते; त्याची मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगाने आदळली आणि ठोसा सुटल्यापासून लागेपर्यंत सुमारे ०.१ सेकंद लागला. माणसाला डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायलाच ०.२ सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे ठोसा येताना पाहून तो चुकवणे कोणालाच शक्य नसते. चांगला बॉक्सर समोरच्याचा खांदा, कंबर आणि पुढच्या पायावर पडणारा भार वाचतो आणि ठोसा सुटण्याआधीच डोके बाजूला नेऊ लागतो. हे वाचन ०.०३ सेकंदाने मागे पडले, तर तेवढ्या वेळात ब्रुनोच्या वेगाची मूठ पाव मीटरहून अधिक पुढे आलेली असते, आणि माणसाच्या डोक्याची रुंदी त्यापेक्षा कमी आहे.

उतरणीला लागलेल्या बॉक्सरची फसगत इथेच होते. ठोशातली ताकद वयाबरोबर सावकाश ओसरते, त्यामुळे सरावाच्या बॅगेवरचा आवाज पूर्वीसारखाच दणदणीत येतो आणि बघणारे म्हणतात की अंगात अजून दम आहे. कमी झालेली असते ती चुकवण्याची क्षमता. पाय जड पडतात, नजर अर्धा क्षण मागे राहते, आणि पूर्वी कानाजवळून निघून जाणारे ठोसे आता गालावर आणि हनुवटीवर लागू लागतात. जास्त ठोसे लागल्याने प्रतिसाद आणखी मंदावतो, मंदावलेल्या प्रतिसादामुळे आणखी ठोसे लागतात, आणि म्हणूनच कारकिर्दीची शेवटची दोन-तीन वर्षे ही आधीच्या दहा वर्षांइतकीच महागात पडू शकतात असे मला वाटते.

कवटीच्या आत काय घडते हे समजण्यासाठी डब्यातल्या खरवसाची कल्पना करावी. मेंदू सुमारे १.४ किलो वजनाचा आणि जवळपास तितकाच मऊ असतो व द्रवात तरंगत राहतो. डबा सरळ मागे ढकलला तर खरवस फारसा बिघडत नाही, पण डबा झटक्यात फिरवला तर डब्याची भिंत आधी फिरते, आतला गोळा मागे राहतो आणि त्यात ताण निर्माण होतो. हनुवटीवर बाजूने बसलेला हूक, म्हणजे हात वळवून मारलेला ठोसा, नेमके हेच करतो. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात संदेश नेणारे बारीक तंतू, म्हणजे अ‍ॅक्सॉन, या ताणाने ओढले जातात. तंतूंच्या आतली रचना सांधून धरणारे टाऊ नावाचे प्रथिन सुटे होते, त्याच्या गुठळ्या बनतात आणि त्या पेशींमध्ये साचत राहतात. वारंवार मार बसलेल्या मेंदूत या गुठळ्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती सापडतात, आणि ही ठेवण अल्झायमरच्या आजारातल्या ठेवणीपेक्षा वेगळी असते. या विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. त्याचे खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करूनच होते.

या विकाराची पहिली वैद्यकीय नोंद बॉक्सिंगमधूनच झाली. अमेरिकेतील न्यूअर्क येथील हॅरिसन मार्टलँड या विकृतिशास्त्रज्ञाने १९२८ साली, दारू न पिताही झोकांड्या देत चालणाऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या बॉक्सरांविषयी लिहिले. १९६९ साली ब्रिटनमध्ये ए. एच. रॉबर्ट्स यांनी १९२९ ते १९५५ या काळात नोंदणी झालेल्या व्यावसायिक बॉक्सरांमधून निवडलेल्या २२४ जणांच्या तपासणीचे निष्कर्ष मांडले. त्यांतील १७ टक्के जणांमध्ये मेंदूच्या इजेची लक्षणे होती, आणि कारकीर्द जितकी लांब व लढती जितक्या जास्त तितके हे प्रमाण वाढत गेले होते. १९७३ साली कॉर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ माजी बॉक्सरांचे मेंदू तपासून आतल्या झिजेचे तपशीलवार वर्णन केले. हे बहुतेक जुन्या काळातले व्यावसायिक बॉक्सर होते आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या लढती शेकड्यांत मोजाव्या लागतील अशा होत्या, हे विसरता कामा नये. तीन फेऱ्यांच्या हौशी बॉक्सिंगमध्ये कायमच्या इजेचा पुरावा इतका ठाम नाही, आणि नागपुरातली बहुतेक मुले हौशी बॉक्सिंगच खेळतात. हेल्मेटने मात्र निश्चिंत होऊ नये. त्याने भुवईवरच्या जखमा टळतात, डोक्याचे फिरणे थांबत नाही. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांतून तर ते २०१३ पासून काढूनच टाकण्यात आले.

मार म्हटला की आपल्याला नॉकआउट आठवतो. नॉकआउट दिसतो, त्याची नोंद होते, आणि हौशी बॉक्सिंगच्या नियमांनुसार त्यानंतर खेळाडूला किमान काही आठवडे सक्तीची विश्रांतीही मिळते. ज्यांची नोंद कुठेच होत नाही ते आठवड्यातून तीन-चार दिवस स्पॅरिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत, बसणारे ठोसे असतात, ज्यांनी डोळ्यांपुढे अंधारी येत नाही आणि कोणी थांबवतही नाही. एखाद्या खेळाडूच्या नावावर ६० लढती असतील तर स्पॅरिंगच्या फेऱ्या हजारांत असतात.

मुहम्मद अली यांचे उदाहरण इथे टाळता येत नाही, कारण त्यांची उतरण ध्वनिमुद्रित झालेली आहे. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी त्यांच्या जुन्या मुलाखती तपासून २०१७ साली दाखवून दिले की वयाच्या २६ ते ३९ या काळात त्यांच्या बोलण्याचा वेग २६ टक्क्यांनी घटला होता. पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे, निदान १९८४ साली झाले, म्हणजे त्यांचा आवाज कित्येक वर्षे आधीपासून सांगत होता. सप्टेंबर १९७७ मधील अर्नी शेवर्सविरुद्धच्या लढतीनंतर त्यांचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी आता थांबावे असे सुचवले. कोणी ऐकले नाही, आणि पाचेको त्यांना सोडून गेले. १९८० मध्ये लॅरी होम्सविरुद्धच्या लढतीआधी झालेल्या तपासणीत बोटाने नाकाला स्पर्श करताना अली यांचा नेम किंचित चुकला होता आणि एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळाई दिसली नव्हती. तरीही परवानगी मिळाली. ती लढत दहाव्या फेरीनंतर त्यांच्याच प्रशिक्षकाने थांबवली आणि त्यानंतरही, ११ डिसेंबर १९८१ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी ते आणखी एकदा रिंगमध्ये उतरले. त्यांच्या पार्किन्सनला केवळ बॉक्सिंग कारणीभूत होते का, यावर डॉक्टरांमध्ये आजही मतभेद आहेत. पण त्या शेवटच्या दोन लढतींची गरज नव्हती, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

अली यांच्यासारख्या बुद्धिमान माणसाला हे का उमगले नसेल? स्वतःच्या क्षमतेचा अंदाज घेणे, धोका तोलणे, स्वतःला आवरणे ही कामे मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाची, आणि वारंवारच्या माराने तोच भाग आणि त्याचे जोडतंतू दुबळे होतात. म्हणजे थांबायचे की नाही हे ज्या अवयवाने ठरवायचे, इजा त्यालाच झालेली असते. गुडघा दुखावला तर मेंदू तसे सांगतो. मेंदूच्या वतीने सांगणारा दुसरा कोणी शरीरात नाही. म्हणून ‘मला स्वतःला वाटेल तेव्हा मी थांबेन’ हे खेळाडूचे म्हणणे कितीही प्रामाणिक असले तरी त्यावर विसंबता येत नाही.

अशा चर्चेत जॉर्ज फोरमन यांचे नाव हमखास निघते. त्यांनी १९९४ साली वयाच्या ४५ व्या वर्षी मायकल मूररला बाद करून जगज्जेतेपद परत मिळवले. पण १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे ते रिंगबाहेर होते आणि त्या काळात त्यांच्या डोक्यावर एकही ठोसा बसला नाही, हे सांगायचे राहून जाते. शिवाय चाळिशीत जिंकलेले बॉक्सर आपल्याला माहीत होतात. चाळिशीत खेळून घरी अडखळत चालणाऱ्यांची नावे कोणी छापत नाही.

थांबण्याचा फायदा मोजता येतो, ही यातली आशेची गोष्ट आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने २०११ पासून लास व्हेगासमध्ये व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूचा दीर्घकालीन अभ्यास चालवला आहे. ज्यांच्या लढती जास्त, त्यांच्या मेंदूतील थॅलॅमससारख्या खोलवरच्या भागांचा आकार लहान, असे त्यात दिसले. त्याच अभ्यासात काही वर्षे लढती थांबवलेल्यांची तुलना खेळत राहिलेल्यांशी केली, तेव्हा थांबलेल्यांची शब्दस्मृती आणि हालचालींचा वेग सुधारलेला आढळला आणि तंतूंची झीज दाखवणारे रक्तातले प्रथिनही कमी झालेले होते. तरुण वयात वेळेवर थांबलेल्या मेंदूला थोडे तरी सावरता येते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

नागपूरने २०२१ साली पोलंडमधील युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी अल्फिया पठाण घडवली, आणि तिच्याकडे पाहून रिंगमध्ये येणाऱ्या मुलामुलींना माझा विरोध नाही. माझी काळजी आहे ती तिशीतल्या त्या खेळाडूंची, जे पदकासाठी नव्हे तर नोकरीसाठी रिंगमध्ये टिकून राहतात. शासकीय नोकऱ्यांतील ५ टक्के क्रीडा आरक्षण, रेल्वे, पोलीस, लष्कर यांपैकी एखादे दार उघडेल म्हणून ‘अजून एक स्पर्धा’ खेळली जाते, आणि घरची ओढाताण पाहिली तर त्यांना दोष देववत नाही. पण मग मोजमापाची जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी घ्यायला हवी. खेळाडू विशीत, ताजातवाना असतानाच त्याची फूटपट्टी, एका पायावरचा तोल, दहा शब्द पाठ म्हणण्याची चाचणी आणि मोबाइलवर एक मिनिटाचे बोलणे यांची नोंद करावी आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी. तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांशी व्हावी. कोणत्या आकड्यानंतर स्पॅरिंग बंद करायचे, हे त्याने प्रशिक्षक आणि आईवडिलांसमोर आधीच, शांत डोक्याने मान्य केलेले असावे.

प्रशिक्षकांनी २१ या आकड्याखाली त्या दिवशी एक रेघ ओढली आणि पुढच्या आठवड्यापासून त्या खेळाडूला लहान मुलांसाठी पॅड धरायला सांगितले. पॅड धरताना हातांना हादरे बसतात, डोक्याला बसत नाहीत. जाताना त्यांनी त्याला मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवून घे असेही सांगितले, आणि ‘किती वर्षं खेळलास ते आधी सांग, विचारायची वाट पाहू नकोस,’ असे बजावले. तो हो म्हणाला आणि किती वर्षे झाली ते बोटांवर मोजू लागला.