समुद्र हिरवा दिसला म्हणजे त्यात रसायन सोडलंय?

पुण्यातून ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो: 'पाणी हिरवं म्हणजे कारखान्याचं विष.' शंका रास्त आहे, पण बहुतेकदा तो रंग वनस्पती प्लवकांचा असतो. डोळ्यांना एकेकटे न दिसणारे हे जीव हरितद्रव्याच्या जोरावर अन्न तयार करतात.

त्यांना ऊन लागतं, तसंच नायट्रेट आणि फॉस्फेट ही खतंही. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर असतं, पण वरचा उबदार थर खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही. वरचं खत संपतं आणि पाणी नितळ दिसतं. जून ते सप्टेंबरमध्ये पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः दक्षिणेकडे, खोलवरचं पोषक पाणी वर येतं आणि डायटम नावाचे वनस्पती प्लवक झपाट्याने वाढतात. मासळीचं सगळं अन्न इथूनच सुरू होतं, म्हणून हा रंग मला फार मोलाचा वाटतो.

पडताळायचं कसं? ओळखीच्या कॉलेजात थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. उपग्रहांचे हरितद्रव्याचे नकाशेही मोफत मिळतात. त्यांत मे आणि सप्टेंबर शेजारी ठेवून बघा.

सांडपाण्यानेही प्लवक वाढतात, काही जाती विषारी असतात. मेलेले मासे किंवा उग्र वास असेल, तर पाण्यात उतरू नका.