ठिपके गेले म्हणजे रोग गेला, हा समज खोटा

क्रॉफर्ड मार्केटमधून शोभेचे मासे आणणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: माशावर पांढरे ठिपके दिसले की औषध टाका, ठिपके गेले की थांबा. यातल्या दुसऱ्या भागापायी मासे मरतात.

ठिपका म्हणजे 'इक' हा एकपेशीय परजीवी, इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. तो माशाच्या कातडीखाली वाढतो, तिथे औषध त्याला मारू शकत नाही. पूर्ण वाढला की तो आपणहून मासा सोडतो, तळाच्या खडीवर कवच करून बसतो आणि आत विभागत शेकडो पिल्लं तयार करतो. म्हणजे ठिपके गेले तेव्हा रोग नुसता खाली उतरलेला असतो! पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. दोनेक दिवसांत सापडला नाही तर मरतात. औषध किंवा मीठ लागू पडतं ते याच टप्प्यावर. 25 अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याभराचं, म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही निदान तेवढे दिवस उपचार थांबवू नका.

लागण फक्त कल्ल्यांत असेल तर ठिपका दिसतही नाही, मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो. तळ्यातल्या रोहू-कटल्यालाही हाच परजीवी लागतो.

नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवाच, दुकानदार काहीही म्हणो.