गुणसूत्रांची अदलाबदल: मुद्दाम केलेला काप आणि त्याचे धोके

१९०५ च्या सुमारास ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट यांना स्वीट पी या फुलझाडाच्या संकरात नियमात न बसणारे प्रमाण मिळाले. फुलाचा जांभळा रंग आणि लांबट पराग हे गुण मेंडेलच्या नियमाने स्वतंत्रपणे वाटले जायला हवे होते. ते बहुतेकदा एकत्रच उतरत होते, पण नेहमी नाही. खरा पेच या ‘नेहमी नाही’चा होता. दोन्ही जनुके एकाच गुणसूत्रावर असतील, तर ती कधीतरी सुटी होतात कशी?

१९०९ मध्ये बेल्जियमच्या यान्सेन्स यांनी उत्तर सुचवले. बीजपेशी बनवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात समजात (आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, एकमेकांशी जुळणाऱ्या) गुणसूत्रांची जोडी जमते तेव्हा प्रत्येकाची नक्कल झालेली असल्याने तिच्यात चार धागे असतात. सॅलॅमँडरच्या पेशींत या धाग्यांवर त्यांना फुल्या दिसल्या (कायाझ्मा), आणि तिथे धागे तुटून आडवे जोडले जात असावेत, असा त्यांनी तर्क केला. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मॉर्गन यांनी तो फळमाशीला लावला. जनुके जितकी दूर, तितकी ती सुटण्याची शक्यता जास्त, या हिशेबावर त्यांचे विद्यार्थी स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये पहिला जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. (नर फळमाशीत ही अदलाबदल होतच नाही. त्यामुळे संकरित पालक म्हणून मादीच घ्यावी लागते. नर घेतला, तर मोजायला काही उरत नाही.)

पण हे सगळे अनुमान होते. प्रत्यक्ष पुरावा १९३१ मध्ये क्रायटन आणि मॅक्लिंटॉक यांनी मक्यात दिला. त्यांच्या झाडातल्या एका नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाला गडद गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा जोडलेला होता; जोडीदार साधा होता. दाण्याचा रंग आणि मेणचट पिष्ट या गुणांची जोडी फुटली, तिथे गाठ आणि तुकडाही एकमेकांपासून सुटलेले दिसले. त्याच वर्षी स्टर्न यांनी फळमाशीत हेच दाखवले.

या अदलाबदलीतून उत्परिवर्तन (जनुकीय बदल) कसे घडते, हे त्याआधीच, १९२५ मध्ये स्टर्टेव्हंट यांनी ‘बार’ या अरुंद डोळ्यांच्या माश्यांवरून ताडले होते. सामान्य मादीच्या डोळ्यात सुमारे ७८० नेत्रिका (डोळ्याचे बारीक घटक) असतात. शुद्ध बार मादीत ७० च्या आसपासच. या वाणात साधारण १,६०० मध्ये एखादी माशी पुन्हा सामान्य डोळ्यांची निघे. बारमध्ये एक भाग लागोपाठ दोनदा आलेला असतो, हे १९३६ मध्ये स्पष्ट झाले. अशा दोन प्रती शेजारी असल्या की जुळणी कधीतरी एका घराने सरकते. मग एका गुणसूत्राला तीन प्रती मिळतात, दुसऱ्याला एकच, म्हणजे पुन्हा सामान्य डोळे. माणसातही हेच घडते. सतराव्या गुणसूत्रावरचा सुमारे १५ लाख बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) भाग असा दुप्पट झाला, तर शार्को-मारी-टूथ हा चेताविकार होतो. तोच भाग गळला, तर जराशा दाबानेही नसा बधिर होण्याचा वेगळा विकार. X गुणसूत्रावरची लाल-हिरव्या रंगसंवेदनेची जनुके जवळजवळ सारखी आणि शेजारी आहेत, म्हणून रंगांधत्व इतके आढळते.

धागे आपोआप तुटत नाहीत, पेशीच ते कापते. डीएनएच्या दोन्ही पट्ट्यांचा काप हीच सुरुवात, असे प्रारूप १९८३ मध्ये झोस्टक आणि सहकाऱ्यांनी मांडले. हे काम करणारे प्रथिन स्पो११ असल्याचे १९९७ मध्ये यीस्टमध्ये कळले. ते कापलेल्या टोकांना चिकटून राहते. मग त्याच्यासकट टोके छाटली जातात, उघडी पडलेली एकेरी पट्टी समजात गुणसूत्रात शिरते आणि त्याची नक्कल करून काप भरते. माणसाच्या एका पेशीत असे दीडशेहून अधिक काप होतात, पण पुरुषात त्यांतून अदलाबदली जेमतेम ५० होतात. बाकीचे काप धाग्यांचे मोठे तुकडे न बदलताच बुजवले जातात. ही दुरुस्ती पूर्ण निर्दोष नसते: आइसलँडमधील कुटुंबांच्या २०१९ च्या अभ्यासात अदलाबदलीच्या जागेपासून हजार बेसच्या आत नव्या उत्परिवर्तनांचा दर ५० पटींहून जास्त आढळला.

तरीही काप टाळून चालत नाही. कायाझ्मानेच जोडी विभाजनापर्यंत धरून ठेवलेली असते. तो बनला नाही किंवा गुणसूत्राच्या अगदी टोकाला बनला, तर दोन्ही गुणसूत्रे एकाच बाजूला जाऊ शकतात. स्त्रीच्या अंडपेशींत ही अदलाबदल तिच्या जन्माआधीच उरकते आणि जोड्या पुढे कित्येक दशके तशाच थांबतात. दरम्यान धाग्यांना बांधणारे कोहेसिन हे प्रथिन झिजते. डाऊन सिंड्रोममधले जादा एकविसावे गुणसूत्र बहुतांश वेळा आईकडून येते, ते यामुळेच.