‘जाणं’ गेलं कुठे?

स्पॅनिश शिकताना एक शब्द हमखास अडवतो: ‘फुई’. ‘फुई आ माद्रिद’ म्हणजे मी माद्रिदला गेलो. ‘फुई माएस्त्रो’ म्हणजे मी शिक्षक होतो. गेलो आणि होतो, दोन्हींना रूप एकच! ‘मी जातो’ म्हणायला ‘बोय’, आणि मूळ क्रियापद म्हणे ‘इर’.

हा घोळ लॅटिनमधला. तिथे जाण्यासाठी ‘ईरे’ होतं, संस्कृतातल्या ‘इ’ धातूचं सख्खं भावंड. संस्कृत ‘एति’, लॅटिन ‘इत’: तो जातो. पण काही रूपं फारच तोकडी. ‘तू जातोस’ला ‘ईस’, आणि ‘जा’ म्हणायला नुसतं ‘ई’. गोंगाटात ते ऐकू कसं जाणार? मग लोकांनी ‘वादेरे’ हाताशी धरलं. त्याचा जुना अर्थ तरातरा चालून जाणं, पण अंगानं धडधाकट. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनं बायबल लॅटिनमध्ये आणलं, त्यात एकाला ‘जा’ सांगायला ‘वादे’ येतं. अनेकांना मात्र जुनंच ‘ईते’, कारण ते दोन अक्षरी. स्पॅनिश ‘बोय’, इटालियन ‘वादो’, पोर्तुगीज ‘वोउ’ ही ‘वादेरे’ची लेकरं. ‘ईबम’, म्हणजे ‘मी जात होतो’, स्पॅनिशमध्ये ‘इबा’ होऊन टिकलं.

‘फुई’ हा तर ‘असणे’चा भूतकाळ. तो इथे कसा घुसला? आपणही ‘काल पुण्याला होतो’ म्हणतो, तेव्हा गेलो होतो हे त्यात आलंच.

फ्रेंचांनी तीन घरचे पाहुणे जमवले. ‘मी जातो’ला ‘वे’, ‘मी जाईन’ला ‘इरे’, आणि ‘आम्ही जातो’ला चक्क ‘आलों’! मराठी कानाला हे उलटंच वाटतं. हे ‘आलों’ बहुधा ‘आम्बुलारे’ म्हणजे फिरणे यातून आलं असं बरेच अभ्यासक मानतात; वाद अजून आहे. रुमानियन लोकांनी तर कमाल केली. त्यांचं ‘मेर्ग’, म्हणजे मी जातो, लॅटिनच्या ‘बुडणे’ या क्रियापदापासून निघालंय.

अशा उसनवारीला भाषाशास्त्रात ‘सप्लीशन’ म्हणतात. रोज शंभरदा तोंडी येणाऱ्या क्रियापदांत ती जास्त सापडते, कारण वेडीवाकडी रूपं सतत कानावर पडून पाठ होतात. मराठीतही ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचं, आणि ‘गेला’ ‘गम्’च्या ‘गत’चं. नियमानं खरं तर ‘जाला’ व्हायला हवं होतं.