घरगुती सेटअपवर नाण्यांचे फोटो : कोकणातली पार्श्वभूमी

तांब्याच्या झिजलेल्या नाण्याचा फोटो पांढऱ्या डब्यात (सगळीकडून पसरलेला उजेड, सावली नाही) काढायचा की एकाच दिव्याच्या तिरक्या उजेडात, यावर नाणी जमवणाऱ्यांमध्ये परत वाद सुरू झालाय. नव्याने छंदाला लागलेल्या बऱ्याच मुलांना वाटतं की डबा ही पहिल्यापासूनची पद्धत आहे. तसं नाहीये. डबा फार उशिरा आला, आणि इकडे कोकणात तो आला त्यामागे नाण्यापेक्षा थर्माकोलचा हात मोठा होता. हा मागचा प्रवास कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितोय.

फार जुनं थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याआधी कागद ठेवून पेन्सिल घासायची नाहीतर चित्रकाराकडून हाताने काढून घ्यायचं. कॅमेरा आल्यावरसुद्धा मोठ्या संग्रहालयांच्या कॅटलॉगांत बराच काळ थेट नाण्याचा फोटो नसायचाच, नाण्याचा मऊ मेणात साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं, दोन्ही बाजूंचे वेगळे ठसे करायचे आणि त्या ठशांचा फोटो छापायचा. चांदी चमकून डोळे दिपवते आणि त्या काळच्या फोटोच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, त्यामुळे तांब्याचं नाणं नुसतं काळं यायचं. प्लास्टरला ना चमक ना डाग. नाण्याचा रंग, धातू, कडा सगळं गेलं पण उठाव राहिला, आणि तो उठाव दाखवायला उजेड एका बाजूनेच टाकत. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीची 13 हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या छापावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप परत मारलेला आहे. असे एकावर एक दोन छाप वाचायचे तर बाजूने येणाऱ्या उजेडाला पर्याय नाही. सपाट उजेडात खालचा छाप गायबच होतो.

आता आपल्याकडची नाणी बघा. शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकापासून पाडलेली तांब्याची शिवराई, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति. नाणं पाडायचा ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे कुठे 'श्री' अर्धी कुठे 'पति' गेलेलं. पेशवाईत आणि त्यानंतरही लोकांच्या हातात फिरून फिरून गुळगुळीत झालेली, वर खारा वारा आणि दमट हवा, म्हणजे काळपट नाहीतर हिरवट. मग पोर्तुगीजांची कथलाची बझारुकं, ती राखाडी आणि खडबडीत. आणि बंदरांमधून चालणारी आदिलशाही काळातली लारी, म्हणजे चांदीची दुमडलेली तार, ती तर गोल पण नाही आणि सपाट पण नाही. परदेशी पुस्तकांत फोटोच्या ज्या पद्धती दिलेल्या असतात त्या बहुतेक चकचकीत, टाकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यांसाठीच्या. आपला प्रश्न उलटा आहे, चमक मारायची नाहीये, मेलेली अक्षरं उठवायची आहेत.

मला नीट माहीत असलेला काळ 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनचा. कलर लॅब तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या तसे चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडच्या स्टुडिओंमधले ब्लॅक अँड व्हाइटचे एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायची यंत्रं, अडगळीत गेले आणि छंदिष्टांनी ते स्वस्तात उचलले. एन्लार्जरचा खांब आणि फळी म्हणजे तयार कॉपी स्टँड. वरचं डोकं काढायचं आणि तिथे कॅमेरा खाली तोंड करून बसवायचा, चाक फिरवलं की वरखाली. त्याची लेन्स तर सोन्याहून पिवळी, कारण ती सपाट निगेटिव्हवरून सपाट कागदावर प्रतिमा पाडायलाच बनवलेली, त्यामुळे नाण्याच्या मध्यापासून कडेपर्यंत फोकस सारखा. बेलोज (घड्यांचा भाता) किंवा चक्क काळ्या पुठ्ठ्याची नळी करून ती कॅमेऱ्याला जोडायची. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स घेण्याची ऐपत कुणाची होती! उजेड खिडकीचा, किंवा छपरातल्या काचेच्या कौलातून येणाऱ्या कवडशाचा, तो सकाळी नऊ-दहाच्या सुमारास छान तिरका मिळतो. लोडशेडिंगच्या वर्षांत दिव्याच्या भरवशावर राहणं शक्यच नव्हतं. आणि दिवा असला तरी पिवळा शंभरचा बल्ब, फिल्म दिवसाच्या उजेडाची, मग सगळी नाणी नारिंगी. फिल्म संपेपर्यंत थांबा, धुवायला द्या, मग कळणार फोकस चुकलाय. तरी त्या काळातले शिवराईचे फोटो आज काढून बघा, अक्षरन् अक्षर वाचता येतं, कारण नाइलाजाने का होईना उजेड एकच होता आणि तो बाजूने येत होता.

मग 2000 नंतर स्कॅनर. सायबर कॅफेत नाणं काचेवर ठेवून स्कॅन करून ईमेलने पाठवायचं, सोपं आणि जवळजवळ फुकट. 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) 20 मिलिमीटरची शिवराई साधारण 470 पिक्सेलची येते, तेव्हाच्या स्क्रीनला तेवढं भरपूर. सुरुवातीच्या जाड स्कॅनरमध्ये थोडी खोली पकडली जायची, नंतरच्या पातळ स्वस्त मॉडेलांमध्ये काचेला टेकलेला भागच तेवढा स्पष्ट, उंच कडेचं नाणं असेल तर मधला भाग धुरकट. पण स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, त्यामुळे नाणं फिरवून ठेवलं की फरक दिसायचा, आणि उजेड खालच्या बाजूने आला की उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसायची, कारण उजेड वरून येतो असंच आपले डोळे धरून चालतात. हे पुष्कळांनी स्कॅनरवरच ओळखलं.

आता तो डबा. डिजिटल कॅमेरे हातात आले तशी पांढऱ्या खोक्याची कल्पना पसरली, दागिने आणि घड्याळांच्या जाहिरातींचे फोटो काढायची पद्धत ती. चारही बाजू पांढऱ्या, बाहेरून दोन-तीन दिवे, उजेड पसरून आत येतो, सावली नाही. कोकणात त्याला लागणारा माल घरोघरी होता, गणपतीच्या मखराचा थर्माकोल. विसर्जन झालं की शीट्स माळ्यावर, त्या कापून टाचण्यांनी जोडल्या की डबा तयार, खर्च शून्य. सीएफएल दिवे पण आले होते, ते थंड, त्यामुळे थर्माकोल वितळायची भीती नाही. हे सगळं एकाच वेळी जमून आलं आणि बघता बघता डबा म्हणजेच नाण्याचा फोटो असं समीकरण झालं.

चांदीच्या रुपयाला डबा शोभतो, यात वादच नाही. व्हिक्टोरियाचा किंवा पंचम जॉर्जचा रुपया, साडेतीस मिलिमीटरचा, त्याच्यावरची चमक डब्यात एकसारखी होते, भगभगीत ठिपके येत नाहीत. विक्री पण मुख्यतः त्याचीच व्हायची, म्हणून विकणाऱ्यांनी जे धरलं तेच बाकीच्यांनी धरलं. डब्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की सगळ्यांचे फोटो एकसारख्या उजेडात असले तर तुलना करता येते, रंग खरा येतो, आणि तिरक्या उजेडात हुशार माणूस एखादी खरवड सावलीत लपवू शकतो. हा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, तशी लपवाछपवी होते. पण रंगाच्या मुद्द्यात दम नाही, डब्यात एक सीएफएल पांढरा आणि एक पिवळा लावला की कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सोय, व्हाइट बॅलन्स, कितीही फिरवा तो रंग सुधरत नाही, आणि लोक सर्रास घरात असतील ते दोन दिवे लावायचे. मुख्य म्हणजे झिजलेल्या शिवराईची ओळख तिच्या उठावात आहे, आणि उठाव म्हणजे सावली. सावली काढून टाकलीत तर उरतं काय? तपकिरी चकती. कितीतरी नाणी 'अक्षर वाचता येत नाही' म्हणून मातीमोल भावात गेली, त्यांवर 'छत्र' धडधडीत होतं, उजेड खाली आणून नाण्याच्या पातळीपासून पंधरा-वीस अंशांवर ठेवला असता तर दिसलं असतं. बिंदूंची कड आहे की नाही, 'श्री' चा वळसा कसा आहे, यावरून शिवराईचे प्रकार ठरतात. ते प्रकार ओळखणाऱ्यासाठी डब्यातला फोटो निरुपयोगी आहे, हे मी ठामपणे म्हणतो.

डब्याने आणखी एक नुकसान केलं. डब्यात तांबं मळकट दिसतं म्हणून लोक नाणी घासायला लागले. आपल्याकडे तांब्याची भांडी आमसुलाने लख्ख होतात हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक, तेच आमसूल शिवराईवर. आंबटाने वरचा जुना थर जातो, खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं आणि आंबट नीट धुतलं गेलं नसेल तर पावसाळ्यात हिरवी पूड धरते. नाण्याची किंमत तर जातेच, अभ्यास पण जातो. उजेडाचं काम आमसुलाकडून करून घेऊ नये, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

पुढे दोन गोष्टींनी चित्र बदललं. जानेवारी 2015 मध्ये केंद्राची एलईडीची योजना आली आणि थोड्या काळात बल्ब अगदी स्वस्त झाले. एकाच प्रकारचे दोन दिवे घेणं परवडू लागलं, रंगाची भेसळ कमी झाली. फार हलक्या दर्जाचे एलईडी घेतले तर लुकलुकीमुळे फोटोत आडवे पट्टे येतात हा नवा त्रास. दुसरी गोष्ट मार्च 2018 ची राज्याची प्लास्टिक आणि थर्माकोलबंदी. मखरं कापडाची, पुठ्ठ्याची, बांबूची झाली, माळ्यावरचा थर्माकोल आटला. डबे मोडले तसे नवे झाले नाहीत, काहींनी आइस्क्रीमच्या दुधी डब्याचा बूड कापून वापरला, पण बरेचसे परत उघड्यावर एका दिव्याकडे आले. मला ती घरवापसी वाटते.

आता मोबाइल. स्टीलच्या दोन डब्यांवर काचेची पट्टी, त्यावर मोबाइल, कॅमेरा खालच्या बाजूला, खाली नाणं, बाजूला टॉर्च. फोन फार जवळ नेला की त्याचीच सावली नाण्यावर पडते, म्हणून थोडं उंच ठेवून दुप्पट झूम वापरतात आणि ते बरोबर आहे. अडचण वेगळीच आहे, फोन स्वतःहून कडा धारदार करतो आणि झिजलेल्या जागी नसलेल्या रेघा दाखवतो, झिजलेल्या 'ति' ची वेलांटी त्याने बनवली की नाण्यावर खरंच आहे हे फोटोवरून सांगता येत नाही. त्यामुळे शिवराई घेणारे जाणते लोक आता एकाच नाण्याचे दोन फोटो मागतात, एक दिवा डावीकडे वर ठेवून आणि एक उजवीकडे वर ठेवून, नाणं न हलवता. खरी रेघ असेल तर सावली बाजू बदलते, फोनने ओढलेली रेघ दोन्हीत तशीच राहते किंवा एकात नसतेच. विकणाऱ्याने डब्यातला एकच फोटो पाठवला तर ते सरळ वजन विचारतात आणि हे दोन फोटो आल्याशिवाय भाव बोलत नाहीत.