आधी क्लोन की आधी दुरुस्ती? बूट न होणाऱ्या संगणकामागचा जुना वाद

संगणक सुरू होत नाही, काळ्या स्क्रीनवर अडकतो किंवा विंडोजचं चिन्ह दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. डिस्कवर संशय असेल तर आज जाणकार एकच सांगतात: तिच्यावर काहीही चालवू नका, आधी तिचा क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत, काढा आणि जी काही दुरुस्ती करायची ती क्लोनवर करा. हा क्रम आता सरळ वाटतो, पण तो तसा फार जुना नाही. निदान पंधराएक वर्षं आपल्याकडच्या बहुतेक दुरुस्तीच्या टेबलांवर नेमकं उलट चालत होतं, आणि त्यालाही कारणं होती.

फार मागे जायचं तर 1956 सालापर्यंत जावं लागेल. त्या वर्षी विक्रीला आलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रणेत 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि त्यात सुमारे 50 लाख अक्षरं मावत. तेव्हाची सुरक्षित प्रत म्हणजे टेप. 1970च्या दशकात युनिक्सवर आलेली डीडी ही आज्ञा मात्र इथे महत्त्वाची आहे, कारण आत काय लिहिलंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत उचलायचं आणि दुसरीकडे ठेवायचं, एवढंच तिचं काम. फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद, मोडकी असली तरी डीडीला फरक पडत नाही. पुढे बचावकार्याचा सगळा डोलारा याच गुणावर उभा राहिला.

पर्सनल कॉम्प्युटरच्या बाजूला 1983 हे वर्ष लक्षात ठेवावं. त्या वर्षी 10 एमबीची हार्ड डिस्क घेऊन आयबीएमचा एक्सटी हा पीसी आला आणि डॉस 2.0 या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर मास्टर बूट रेकॉर्ड आला. म्हणजे डिस्कचा पहिला 512 बाइटांचा सेक्टर (डिस्कवरचा वाचता-लिहिता येणारा लहानात लहान तुकडा), त्यात बूट करणारा छोटा प्रोग्राम आणि चार पार्टिशनांची (डिस्कच्या विभागांची) नोंद. हा सेक्टर कुठल्याच फाइलचा भाग नाही. म्हणून सी ड्राइव्हमधल्या झाडून सगळ्या फाइली नव्या डिस्कवर टाकल्या तरी तेवढ्यावर ती डिस्क बूट होत नाही. क्लोनिंगची गरज मुळात इथून निघाली.

1990च्या दशकाच्या मध्यावर न्यूझीलंडमधल्या एका छोट्या कंपनीने घोस्ट हे क्लोनिंगचं सॉफ्टवेअर तयार केलं आणि 1998 मध्ये एका बड्या अमेरिकी कंपनीने ते विकत घेतलं. घोस्टला फाइल सिस्टिम कळायची, त्यामुळे ते फक्त वापरातली जागा उचलायचं आणि लहान-मोठ्या आकाराच्या डिस्कवर बसवून द्यायचं. एका फ्लॉपीत मावणारा हा प्रोग्राम आपल्याकडे इतका पसरला की ‘घोस्ट मारणे’ हे क्रियापदच झालं. सायबर कॅफे, कॉम्प्युटर क्लास, कॉलेजची लॅब, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असेंबल होणारे पीसी, सगळीकडे एक मशीन नीट तयार करायचं आणि बाकीच्यांवर घोस्ट मारायचा. व्हायरसने सायबर कॅफेतलं मशीन लोळवलं तरी आधी साठवलेली डिस्कची प्रत (इमेज) टाकून ते थोड्या वेळात उभं राहायचं.

पण घोस्ट धडधाकट डिस्कसाठी होतं. त्याचं काम वितरणाचं, बचावाचं नव्हे. मधे बॅड सेक्टर (वाचता न येणारा सेक्टर) लागला की ते एरर देऊन थांबायचं. तसंच पुढे रेटायला एक स्विच होता, पण तो फार थोड्यांना ठाऊक होता. त्यामुळे एका पिढीच्या मनात घट्ट बसलं की क्लोन चांगल्या डिस्कचा काढतात, आणि बिघडलेल्या डिस्कची आधी दुरुस्ती करतात.

मराठी डीटीपीवाल्यांचा (संगणकावर पुस्तकांची पानं जुळवणाऱ्यांचा) उल्लेख इथे केलाच पाहिजे, कारण फाइली वाचल्या म्हणजे काम भागलं असं त्यांच्या बाबतीत कधीच नव्हतं. युनिकोड रुळण्याआधीचा मजकूर विशिष्ट फॉन्टच्या स्वतःच्या सांकेतिक मांडणीत असायचा. तो फॉन्ट नसेल तर पुस्तकाची अख्खी पानं निरर्थक चिन्हांनी भरलेली दिसत. शिवाय सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक (जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणारं उपकरण), त्याचा जुना ड्रायव्हर, पानं मांडणाऱ्या पेजमेकरची ठरावीक आवृत्ती, प्रिंटरची सेटिंग्ज. हे सगळं मिळून एक चालतं मशीन होतं आणि ते पुन्हा जुळवताना बरेच दिवस मोडायचे. मूळ सीडी हरवलेली असेल तर पुष्कळदा ते जुळायचंच नाही. अशा माणसाला ‘डेटा काढून देतो, विंडोज नवीन टाकू’ हे उत्तर अपुरं होतं. त्याला त्याचं मशीन जसंच्या तसं हवं असायचं.

आता मूळ वादाकडे येतो. आधी दुरुस्ती करणाऱ्यांचा पक्ष कुठून आला हे समजून घ्यायला महाराष्ट्रातलं भारनियमन आठवावं. 2000 नंतरच्या दशकात कित्येक गावांत रोज काही तास वीज जायची आणि यूपीएस सगळ्यांकडे नसायचा. विंडोज 98 आणि त्याची फाइल सिस्टिम एफएटी 32 ही जोडी अचानक बंद पडणं सहन करणारी नव्हती. वीज आली की निळ्या पडद्यावर विंडोजचं तपासणीचं साधन स्कॅनडिस्क स्वतःहून सुरू व्हायचं, हरवलेले क्लस्टर (फाइलींचे सुटे तुकडे) गोळा करायचं, शेवटी .सीएचके नावाच्या काही फाइली ठेवून जायचं आणि मशीन चालू व्हायचं. हे रोजचं होतं. यात डिस्कचा काही दोष नसायचा, मोडलेली असायची ती फक्त नोंदवही. त्यामुळे ‘चेकडिस्क चालू दे, होईल ठीक’ (चेकडिस्क हेही विंडोजचं असंच साधन) ही सवय अनुभवातून आली होती आणि त्या काळापुरती ती बरोबरही होती.

दुसरं कारण पैशाचं. क्लोन काढायला मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी दुसरी डिस्क लागते. त्या काळी नवी डिस्क ही पीसीतली महागडी वस्तू होती, आणि बिघाड नक्की काय आहे हे कळायच्या आधीच ती विकत घ्या असं गिऱ्हाइकाला सांगणं अवघड होतं. दुकानदाराकडेही मोकळी डिस्क पडून नसायची.

पण डिस्क आतून आजारी असेल तर याच सवयीने घात व्हायचा, आणि इथे मी तटस्थ राहू शकत नाही. चेकडिस्कला आर हा पर्याय देऊन बसवलं की ते सगळ्या फाइली आणि मोकळी जागासुद्धा वाचून पाहतं. दुबळ्या झालेल्या हेडला (तबकडी वाचणाऱ्या टोकाला) हे काही तासांचं, कधी दिवसभराचं ओझं. घरगुती वापराची डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, एकेका सेक्टरवर बरेच सेकंद घालवते, आणि मशीन गोठल्यासारखं दिसतं. याहून वाईट म्हणजे चेकडिस्क वाचून थांबत नाही, ते लिहितं. फोल्डरच्या अनुक्रमणिकेचा भाग त्या क्षणी वाचता आला नाही किंवा चुकीचा वाचला गेला, तर ते त्या नोंदी बिघडलेल्या ठरवून कापून टाकू शकतं. थोडं थांबून, वेगळ्या पद्धतीने वाचलं असतं तर कदाचित तोच सेक्टर हाती लागला असता. पण आता नोंदच उरलेली नसते. दुरुस्तीनंतर ‘फाउंड.000’ नावाच्या फोल्डरमध्ये बिननावाच्या शेकडो फाइली सापडतात त्या अशा. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं हे आहे. तुमच्या मुलीच्या बारशाचे फोटो वाचवणं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

विंडोजने स्वतः या वादात एक बाजू घेतली. डिस्कवर ‘अस्वच्छ’ अशी खूण दिसली की एक्सपी सुरू होतानाच काही सेकंदांची उलटी मोजणी दाखवून तपासणीला लागायचं. व्हिस्टा आणि सेव्हनमध्ये बूट फसलं की स्टार्टअप रिपेअर हाच सुचवलेला पर्याय म्हणून निवडून ठेवलेला असायचा. समोर बसलेला माणूस काही न करता थांबला तरी दुरुस्ती सुरू. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या आपोआपपणाने केलं, कारण निर्णय घ्यायचा होता हेच माणसाला कळलं नाही.

आधी दुरुस्ती करणारे आजही आहेत आणि त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. बिघाड निव्वळ सॉफ्टवेअरचा असेल, म्हणजे एखादा अपडेट अर्धवट राहिला असेल किंवा बूटची नोंद पुसली गेली असेल, तर पाच मिनिटांच्या कामासाठी 1 टीबीची डिस्क क्लोन करत बसणं त्यांना पटत नाही. सेकंदाला 100 एमबी हा वेग धरला तरी ते पावणेतीन तास होतात, आणि यूएसबी 2.0 वरून आठ-नऊ. शिवाय न चालणाऱ्या विंडोजचा तंतोतंत क्लोन काढला तर तोही चालत नाही, हे खरंच आहे. क्लोन म्हणजे दुरुस्ती अशी समजूत करून घेऊन आलेली माणसं इथे हमखास निराश होतात. क्लोनने मिळते ती दुरुस्ती करण्यासाठी निर्धास्त जागा. प्रयोग फसला तर मूळ डिस्क शाबूत असते आणि पुन्हा क्लोन काढता येतो.

दोन्ही पक्षांमधली रेषा ओढता येते ती स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, आकड्यांवरून. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन सुरू करायचं आणि 5, 197 आणि 198 या क्रमांकांचे कच्चे आकडे बघायचे: बदललेले सेक्टर, निर्णयाच्या प्रतीक्षेतले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. 197 मध्ये शून्याहून जास्त काही दिसलं की वाद संपतो: आधी क्लोन. स्मार्टच्या निकालातल्या ‘पास्ड’ या शब्दावर मात्र विसंबू नये, प्रतीक्षेतले सेक्टर असतानाही डिस्क तो शब्द दाखवते. आणि कटकट असा ठरावीक आवाज येत असेल तर घरी काहीच चालवू नये, क्लोनसुद्धा नाही.

आधी क्लोन हा क्रम व्यवहारात आला तो साधनं बदलल्यामुळे. डीडीचा दोष असा की वाचताना चूक आली की ती थांबते. चूक सोडून पुढे जा असं सांगितलं, तर न वाचलेला तुकडा नव्या प्रतीतून गळतो आणि त्यापुढचा सगळा डेटा तेवढा अलीकडे सरकतो. फाइल सिस्टिमला सगळं सेक्टरच्या क्रमांकावरून शोधायचं असतं, त्यामुळे पुढचं सगळं निरुपयोगी. रिकामी जागा शून्यांनी भर असंही सांगता येतं. पण वेगासाठी मोठा तुकडा ठरवला असेल तर एका खराब सेक्टरपायी शेजारचे चांगले सेक्टरही शून्यात जातात. यावर आधी जर्मनीतून डीडी_रेस्क्यू आलं आणि 2004 मध्ये एका स्पॅनिश प्रोग्रामरने ग्नू डीडीरेस्क्यू लिहिलं. नावं फसवण्याइतकी सारखी असली तरी ही दोन वेगळी साधनं आहेत.

ग्नू डीडीरेस्क्यूने प्रश्नच वेगळा मांडला: ही डिस्क कोणत्या क्षणी मरेल सांगता येत नाही, तर आधी काय वाचावं? उत्तर असं की जे सहज मिळतंय ते आधी. अडलं की मोठी उडी मारून पुढे जायचं, धडधाकट भाग उचलून घ्यायचा, मग वगळलेल्या पट्ट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आणायच्या, आणि हट्टी सेक्टरांशी झटापट अगदी शेवटी. काय मिळालं आणि काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये होत राहते. वीज गेली, डिस्क गरम झाली, केबल निघाली, तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू. शेवटी कोणत्या फाइलीत भोक पडलंय हेही त्या नोंदीवरून शोधता येतं. 2000 मध्ये आलेल्या नॉपिक्समुळे सीडीवरून लिनक्स चालवणं सोपं झालं होतं, तैवानमधून आलेल्या क्लोनझिलाने चांगल्या डिस्कसाठी घोस्टची जागा फुकटात भरून काढली, आणि डिस्कच्या किमती घसरत गेल्या. 2011 मध्ये थायलंडच्या पुराने कारखाने बुडाले तेव्हा किमती एकदम चढल्या होत्या, पण ती चढण टिकली नाही. मोकळी 1 टीबीची डिस्क दुकानात पडून असणं नेहमीचं झालं, आणि आधी दुरुस्ती करण्यामागचं पैशाचं कारण बरंचसं उरलं नाही.

क्लोन नीट निघाला तरी एक घोळ राहतो. मास्टर बूट रेकॉर्डमध्ये विंडोज चार बाइटांची डिस्क सिग्नेचर (त्या डिस्कची ओळखखूण) ठेवतं आणि क्लोनमध्ये तीही तशीच येते. मूळ डिस्क आणि क्लोन एकाच वेळी जोडून मशीन सुरू केलं की एक्सपी क्लोनला दुसरं ड्राइव्ह अक्षर देऊन टाकायचं, आणि पुढे तो क्लोन एकटा लावला तर लॉगिनपाशी अडकायचा. नंतरच्या आवृत्त्या दुसरी डिस्क ऑफलाइन ठेवतात. ती हाताने ऑनलाइन केली की सिग्नेचर बदलते, आणि बूटच्या नोंदीत जुनीच असल्याने क्लोन बूट व्हायला नकार देतो. म्हणून पहिल्यांदा क्लोन एकटाच लावून सुरू करायचा. मूळ डिस्क तोवर बाजूला, चिठ्ठी लावून.

गेल्या दहाएक वर्षांत हा सगळा पट पुन्हा हलला आहे. एसएसडी (तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) अनेकदा कुरकुर न करता एकदम जाते. तिचा कंट्रोलर (तिला चालवणारी चिप) गेला की डिस्क बायोसमध्येच, म्हणजे संगणक सुरू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या प्रोग्राममध्येच, दिसत नाही, मग क्लोन कशाचा काढणार? त्यात एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा डेटा. विंडोजचं डिस्क-कुलूप बिटलॉकर व्हिस्टापासून आहे, पण 2024 मधल्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि कित्येकांना ते माहीतही नसतं. अशा डिस्कचा सेक्टरवार क्लोन निघतो, पण तो दुसऱ्या मशीनला लावला की 48 अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खाते कोणाच्या ईमेलवर उघडलंय हेच आठवत नसेल तर क्लोन कितीही अचूक असला तरी उघडत नाही.

आणि काही लॅपटॉपमध्ये साठवणीच्या चिपा मदरबोर्डवर थेट डाग देऊन बसवलेल्या असतात, सोडवून दुसरीकडे जोडायला काही नसतंच. अॅपलच्या 2018 पासूनच्या टी2 चिपवाल्या आणि पुढच्या स्वतःच्या प्रोसेसरवाल्या मॅकमध्ये डेटाची किल्ली त्याच बोर्डवरच्या सुरक्षा चिपेशी बांधलेली आहे. चिपा उपसून वाचल्या तरी हाती लागतो तो एन्क्रिप्ट केलेला डेटा. तिथे आधी मदरबोर्ड जिवंत करावा लागतो, तोही सगळा नव्हे, डेटा उतरवून घेण्यापुरता. म्हणजे दुरुस्ती पुन्हा क्लोनच्या आधी आली आहे, फक्त या वेळी ती सोल्डरिंगच्या टेबलावर होते.